दुरून सुरू होणारी मोटार

माळव्यातील रात्रींचे कौतुक पुष्कळांनी केले आहे. ‘शब-ए-मालवा’ हा शब्दप्रयोग तर इंदूरकराच्या जिभेवर सदैव असतो. येथल्या वैशाखातील दुपारीचे कौतुक मात्र कोणी केल्याचे ऐकिवात नाही आणि ते योग्यच आहे. पारा चाळिशीच्या वर गेलेला असावा, मोटार अंगणात सकाळपासून उन्हात उभी असावी, आणि दुपारी बारा वाजता तिचे दार उघडण्याची पाळी यावी, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना त्याचे वर्णन नको. ज्यांनी घेतला नाही त्यांना ते पटावयाचे नाही. सूर्याचा प्रकाश काचांतून निर्वेधपणे आत शिरतो, आसने आणि पुढची फळी तापवितो. परंतु त्या तापलेल्या वस्तूंनी सोडलेली उष्णता तितक्या सहजपणे बाहेर पडत नाही. तासभर लागतो असेही नाही. पहिल्या अर्ध्या तासातच आतली हवा बाहेरच्या हवेहून कितीतरी पुढे निघून गेलेली असते.

एकट्यापुरता प्रश्न असता तर मी हा लेख लिहावयास बसलो नसतो. आमच्या मातोश्रींचे वय ८२ आहे आणि आठवड्यातून दोन वेळा त्यांना डायलिसिससाठी न्यावे लागते. रुग्णालयाने दिलेली वेळ दुपारी एकची. ती बदलून मिळत नाही, कारण यंत्रे मोजकी आणि रुग्ण अमाप. मूत्रपिंडांनी काम सोडलेल्या रुग्णाला पाणी मोजून प्यावे लागते, हे त्या घरातल्या माणसांनाच ठाऊक असते. दिवसभराच्या पाण्याचा तांब्या सकाळीच भरून ठेवायचा, आणि त्यातच चहा, ताक, औषधावरचा घोट, सगळे बसवायचे. अशा माणसाला भट्टीसारख्या गाडीत बसविणे म्हणजे तहान लावावयाची आणि पाणी मात्र द्यावयाचे नाही. गाडीतील वातानुकूलन चालू होऊन हवा सुसह्य होईतो निम्मा रस्ता सरलेला असे. आई काही बोलत नसे. पदराने कपाळ टिपीत खिडकीबाहेर पाहत राही. ते न बोलणेच मला अधिक लागे.

अशा मनःस्थितीत असताना एका रविवारी भाच्याचा फोन आला. हा माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, कॅनडात विनिपेग येथे असतो. आजीची चौकशी झाल्यावर मी उन्हाची तक्रार केली, तेव्हा तो म्हणाला, “मामा, तुम्ही रिमोट स्टार्टर का बसवून घेत नाही? इथे ज्याच्या गाडीला तो नाही असा माणूस शोधावा लागेल. घरात चहा पिता पिता बटण दाबायचं. आपण खाली जाईपर्यंत गाडी तयार.”

त्याच्या गावी ही चैन नव्हे, गरज आहे. विनिपेगला जानेवारीत पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरणे नवलाचे नाही. त्या थंडीत इंजिनातले तेल काकवीसारखे घट्ट होते आणि बॅटरीची शक्ती निम्म्याने खचते. म्हणजे इंजिन फिरवावयास जोर अधिक हवा आणि जोर देणारा नेमका दुबळा. म्हणून तेथील मोटारींच्या तोंडातून विजेच्या तारेचे एक शेपूट लोंबत असते. रात्री ते भिंतीवरच्या खुंटीत खोवावयाचे, म्हणजे इंजिनात बसविलेला छोटा हीटर त्याला ऊब देतो. सकाळी काचेवर बर्फ गोठलेले असते. गाडी दहा-पंधरा मिनिटे आधी सुरू झाली तर आत ऊब येते आणि काच स्वच्छ होते; काच स्वच्छ झाली तरच रस्ता दिसतो. यंत्र जेथे जन्मते तेथल्या गरजेचे असते. मला वाटले, थंडीसाठी केलेले यंत्र उन्हासाठी का चालू नये? तत्त्वतः ते चालतेच. अलीकडे आपल्याकडील काही नव्या मोटारींत कारखान्यातूनच ही सोय येते. माझी गाडी मात्र जुनी, हाताने गिअर बदलावयाची, आणि तिच्यात ही सोय बाहेरून बसवून घ्यावी लागणार होती.

शहरात मोटारींना गाणी, पडदे, दिवे आणि नाना प्रकारचे भोंगे बसवून देणारी दुकाने आहेत, त्यांपैकी एकात गेलो. दुकानदाराने एक चपटी पेटी, तारांचा एक जुडगा आणि दोन छोटे रिमोट पुढे ठेवले. “दोन तासांत काम होईल, फक्त दुसरी किल्ली घेऊन या, ती ‘प्रोग्रामिंग’ला लागते,” असे त्याने सांगितले. आम्ही शिक्षक मंडळी. ज्या शब्दाचा अर्थ कळत नाही त्यापुढे मुलांना हात वर करावयास शिकवितो, स्वतः मात्र मान डोलावतो. मी किल्ली नेऊन दिली. काम झाल्यावर फिटरने जाताना एवढेच बजावले की, गाडी नेहमी न्यूट्रलमध्ये ठेवीत जा. दुसरी किल्ली परत मागावयाचे मला सुचले नाही.

पहिला आठवडा आनंदात गेला. ओट्यावर उभे राहून बटण दाबले की अंगणातली गाडी दिवे लुकलुकावून गुरगुरू लागे. पहिल्या दिवशी आईने चष्मा पुसून गाडीकडे पाहिले आणि म्हणाली, “अगबाई! आत कोण बसलंय रे?” कोणी नाही म्हटल्यावर तिचा विश्वास बसेना. दहा मिनिटांनी तिला आत बसविले तेव्हा हवा गार होती. “छान आहे हो,” एवढेच ती म्हणाली. पण त्या दिवशी तिने पदराने कपाळ टिपले नाही. माझे पैसे तेथेच वसूल झाले.

नवव्या दिवशीची गोष्ट. आदल्या रात्री एका लग्नाहून उशिरा परतलो होतो. आमच्या अंगणाला घराकडे किंचित उतार आहे, आणि उतारावर गाडी उभी करताना ती पहिल्या गिअरमध्ये टाकून ठेवावयाची, ही मला गाडी शिकविणाऱ्याने लावलेली पंचवीस वर्षांची सवय. सवय चांगलीच होती. झोपेच्या अमलात हाताने ती पाळली, आणि हँडब्रेक अर्धवटच ओढला गेला. दुसऱ्या दिवशी पावणेबाराला मी खिडकीतून बटण दाबले.

गाडीने घराच्या दिशेने उडी मारली. गचका खाऊन इंजिन बंद पडले, आणि मी ‘अरे’ म्हणेपर्यंत दोन-चार क्षण शांततेत गेले. मग कोणीही बटण न दाबता तिने पुन्हा उडी मारली. इंजिन पहिल्या प्रयत्नात धरले नाही तर आपण होऊन पुन्हा प्रयत्न करावा, अशी त्या पेटीला शिकवण होती. विनिपेगच्या थंडीत ती शिकवण शहाणपणाची. माझ्या अंगणात मात्र प्रत्येक प्रयत्नागणिक गाडी ओट्याकडे सरकत होती. मी रिमोट दाबीत बाहेर धावलो. ती बटणाने थांबली की आपले प्रयत्न संपवून थांबली, हे मला आजही सांगता येणार नाही. बंपर आणि ओट्याची पायरी यांच्यामध्ये हातभर जागा उरली होती.

त्या पायरीवर बसून आई चपला घालते. रोज त्याच वेळी बसते. त्या दिवशी रुग्णालयाची वही सापडेना म्हणून ती आत कपाटाशी थांबली होती. वही घेऊन ती बाहेर आली, गाडी जवळ आलेली पाहून तिला बरेच वाटले असावे. म्हणाली, “झाली का रे गार?”

मी तिला काही सांगितले नाही. खिडक्या उघड्या टाकून तसेच गेलो. डायलिसिसला चार तास लागतात, आणि नातेवाईकांच्या बाकावर विचार करण्यापलीकडे दुसरे काम नसते. मला आमच्या लहानपणची, १९७५-७६च्या सुमाराची, गल्लीतली सरकारी जीप आठवली. तिची बॅटरी बहुधा मेलेली असे आणि चालक लोखंडी हँडल समोरून घालून ती सुरू करी. आम्ही पोरे भोवती जमत असू. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, विळखा घालायचा नाही, हे तो आम्हांला मोठ्या ऐटीत दाखवी. कारण इंजिन कधी कधी उलटा फटका देते. अंगठा विळख्यात असला तर मनगटच मोडते. परंतु हँडलला हात लावण्यापूर्वी तो आणखी एक गोष्ट करी, जिच्याकडे आमचे लक्ष नसे. दार उघडून गिअरचा दांडा डावीकडे-उजवीकडे हलवून पाही आणि हँडब्रेक आणखी एक दाता वर ओढी. तो गाडीच्या समोर उभा राहणार होता. ती गिअरमध्ये असती तर पहिल्यांदा त्याच्याच अंगावर आली असती. स्वतःची हाडे पणाला लागलेली असली म्हणजे माणूस विसरत नाही.

हँडलच्या या जाचातून जगाला सोडविणारा मनुष्य, वाचकांना आश्चर्य वाटेल, मुळात खेड्यातला शाळामास्तर होता. चार्ल्स केटरिंग हे त्याचे नाव, जन्म १८७६, अमेरिकेतील ओहायो प्रांतातला. डोळे अधू, त्यामुळे शिक्षण रखडत झाले आणि अभियंत्याची पदवी १९०४ साली हाती आली. पुढे तो दुकानांतील गल्ल्याची यंत्रे करणाऱ्या कारखान्यात लागला आणि तेथे त्याने विजेवर उघडणारा गल्ला केला. त्या कामात त्याला एक मर्म सापडले. क्षणभरच काम करावयाचे असेल तर लहानशा मोटरकडूनही तिच्या ताकदीबाहेरचे काम करून घेता येते; ती तापण्यापूर्वी काम संपलेले असते. मोटारीचे इंजिन विजेने फिरवावयाचे तर त्याच्याएवढीच मोटर लागेल असे जाणते लोक म्हणत असताना केटरिंगने गल्ल्याचे हे मर्म तेथे लावले, आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारीत सेल्फ-स्टार्टर आला. त्या कारखान्याचे प्रमुख हेन्री लेलंड यांच्या परिचयातील एक गृहस्थ हँडलच्या फटक्याने जखमी होऊन पुढे वारले, त्या दुःखातून त्यांनी हे काम केटरिंगकडे सोपविले, अशी हकीकत सांगितली जाते.

सेल्फ आला आणि चालक गाडीच्या समोरून उठून आसनावर जाऊन बसला. आसनावर बसलेला मनुष्य किल्ली फिरविण्यापूर्वी नकळत चार गोष्टी करतो. डावा पाय क्लचवर जातो, उजवा ब्रेकवर. हात गिअरचा दांडा चाचपतो. डोळे समोर पाहतात. किल्ली ही या सर्वांनंतरची पाचवी गोष्ट. मी त्या पेटीला पाचवी गोष्ट करावयास सांगितली होती आणि पहिल्या चार कोणी करावयाच्या, हे विचारलेच नव्हते.

त्यानंतरच्या आठवड्यात मी हा विषय परीक्षेला बसावे तसा अभ्यासला. भाच्यालाही पुन्हा फोन केला. तो थबकलाच. “मामा, तुमची गाडी हाताच्या गिअरची आहे हे मला सुचलंच नाही,” तो म्हणाला. त्याच्या देशात बहुतेक गाड्या आपोआप गिअर बदलणाऱ्या. त्यांचा दांडा ‘पार्क’वर असल्याशिवाय हे यंत्र इंजिनाला हातच लावीत नाही, आणि ‘पार्क’वर चाके आतून जखडलेली असतात. हाताच्या गिअरची गाडी म्हटली की तिथले पुष्कळ कारागीर काम नाकारतात. जे घेतात ते तिच्यात एक विधी घालून देतात, आणि तो विधी मला फार आवडला. गाडी उभी केली की न्यूट्रल करावयाची, हँडब्रेक पूर्ण ओढावयाचा आणि इंजिन चालू असतानाच किल्ली काढून घ्यावयाची. यंत्र इंजिन चालूच ठेवते. मग खाली उतरून सर्व दारे बंद केली की ते आपण होऊन इंजिन बंद करते. क्लचवर कोणाचा पाय नसताना इंजिन चालू राहिले, याचाच अर्थ गाडी न्यूट्रलमध्ये आहे. आणि नंतर एकही दार उघडले गेले नाही, याचा अर्थ दांड्याला कोणी हात लावलेला नाही. एवढी साक्ष पटली तरच सकाळी बटण मानावयाचे. मध्ये कोणी दार उघडले की साक्ष रद्द. भूमितीतल्या सिद्धतेसारखे हे नेटके आहे. माझ्या पेटीत त्याची सोय होती की नाही कोणास ठाऊक. जोडलेली तर नव्हतीच. उलट क्लच दाबल्याविना सेल्फ फिरू नये अशी कारखान्याने घातलेली अट फिटरने एका तारेच्या तुकड्याने मोडून टाकली होती. बॉनेट उघडे असता इंजिन सुरू होऊ नये म्हणून लावावयाची कळ पाकिटात तशीच राहिली होती. एखाद्या मिस्त्रीचा हात पट्ट्याजवळ असताना घरातल्या कोणी बटण दाबले असते तर? हा विचार मी पुरा केला नाही.

उन्हाळ्याच्या दृष्टीनेही माझा हिशेब अर्धाच बरोबर होता, असे ध्यानात आले. उभ्या गाडीत इंजिन मंद फिरते, म्हणून वातानुकूलनाचा कॉम्प्रेसरही मंद फिरतो. समोरून वारा लागत नसल्याने उष्णता बाहेर फेकण्याचे कामही अडखळत होते. गाडी गार होते, पण सावकाश आणि पेट्रोल जाळून. त्यापेक्षा समोरासमोरची दारे उघडून एक दार पाच-सात वेळा पंख्यासारखे हलविले की आतली भाजकी हवा बाहेर पडते, आणि पुढे मिनिटभर खिडक्या उघड्या ठेवून चालविली की वातानुकूलनाला अर्धेच काम उरते. यास खर्च काही नाही. थोडे उन्हात उभे राहावे लागते, इतकेच.

कायद्याकडेही एकदा पाहिले. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२६ सांगते की, सार्वजनिक जागी उभ्या असलेल्या गाडीच्या चालकाच्या आसनावर परवानाधारक मनुष्य हवा. तो नसेल तर यंत्र बंद करून ब्रेक लावलेला हवा, किंवा चालकाच्या गैरहजेरीत ती चुकून चालू लागणार नाही अशी अन्य तजवीज हवी. अंगण माझे खासगी. पण रुग्णालयाबाहेरच्या रस्त्यावर मी हेच बटण तीन वेळा दाबले होते, आणि शेजारच्या हातगाडीवर एक बाई लिंबे विकीत होती. दुसरी एक गोष्ट फ्लॅटमध्ये राहणाऱ्या वाचकांसाठी लिहितो. मिटलेल्या गॅरेजमध्ये किंवा इमारतीच्या तळघरात रिकामी गाडी चालू ठेवू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि रक्ताला प्राणवायूपेक्षा तो दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. रिमोट खिशात चुकून दाबला गेला आणि वरच्या घराची खिडकी उघडी असली तर त्या घराला काही कळावयाचे नाही.

यंत्र काढून टाकण्यासाठी मी त्याच दुकानात गेलो. फिटर तरुण होता, उद्धट नव्हता. सर्वजण असेच बसवून घेतात, आजवर कोणी तक्रार केली नाही, असे तो म्हणाला आणि मुकाट्याने स्टिअरिंगखालची फळी उघडून तारा सोडवू लागला. तारांच्या मागून चिकटपट्टीत गुंडाळलेली एक वस्तू निघाली. ती माझी दुसरी किल्ली होती. हल्लीच्या किल्लीत एक सूक्ष्म चकती असते आणि तिची ओळख पटल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. चोरापासून रक्षण म्हणून ही युक्ती. कॅनडात तर २००७च्या सप्टेंबरपासून नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. ही ओळख पटवून देणारा वेगळा भाग मिळतो, पण तो महाग. त्याऐवजी अख्खी किल्लीच आत कायमची लपवून ठेवली की काम स्वस्तात होते. म्हणजे महिनाभर माझ्या गाडीचे कुलूप शाबूत होते आणि ओळख पटविणारी किल्ली त्याच गाडीच्या पोटात पडून होती. मी विचारले, “हे मला आधी का नाही सांगितलेस?” तो म्हणाला, “सर, आपण विचारलं नाही.” वर्गात मुलांनी हे उत्तर दिले तर मी रागावतो.

आता किल्ली कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला असते. डायलिसिसच्या दिवशी साडेअकराला मी डोक्याला पंचा गुंडाळून अंगणात जातो, चारी दारे उघडतो, स्टिअरिंगवर ओला नॅपकिन टाकतो आणि दांडा हलवून पाहून स्वतः आत बसून गाडी सुरू करतो. ओट्याच्या पायरीसमोर दोन विटा लावल्या आहेत. त्या कशासाठी, हे आईने अजून विचारलेले नाही. निघताना ती तांब्यातल्या हिशेबातला बर्फाचा एक खडा तोंडात धरते. तो विरघळेपर्यंत आम्ही पलासियाच्या चौकात पोहोचलेले असतो, आणि तोवर गाडी बऱ्यापैकी गार झालेली असते.